तेरावा मेसेज

सकाळी पेटीत बारा मेसेज होते. मी स्वतः बनवलेले, एक ते बारा क्रमांकांचे. पैसे कोण पाठवतंय, कोणाला आणि किती, हे प्रत्येकात नीट भरलेलं. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा बाराच. विज्ञान शिकलेला माणूस आहे मी. मोजल्याशिवाय चहात साखरसुद्धा घालत नाही.

बँका एकमेकींना जे मेसेज पाठवतात, त्यांचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात बनतं. मेसेज बनवून पेटीत ठेवायचा आणि क्रमांक सांगितला की परत काढून द्यायचा, हे काम एक लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे आमच्या मॅडमनी लिहून ठेवलेला तयार कोड. दुपारी बँकेचे साहेब येऊन माझी पेटी तपासणार होते. तिच्यात बाराच मेसेज हवेत, एकही जास्त नको. जमलं तर मी नोकरीत कायम. नाही जमलं तर शेजारच्या टेबलावरचा फुंकर कायम, कारण जागा एकच होती. फुंकर हे त्याचं खरं नाव नव्हे. तो चहावर, कीबोर्डवर आणि अडलेल्या प्रोग्रॅमवरसुद्धा फुंकर मारतो, म्हणून फुंकर.

तर, बाराच्या पुढे काही नाही याची खात्री करायची कशी? सोपं आहे. मी तेरावा मागितला. नसेल तर मिळणार नाही.

मिळाला.

कोरा करकरीत. पाठवणारा नाही, घेणारा नाही, रक्कम नाही. पेटी मोजली तर तेरा. मी हळूच शेजारी पाहिलं. फुंकर चहावर फुंकर मारत होता, जरा जास्तच निरागसपणे.

मी तेरावा पुसला, पासवर्ड बदलला आणि तो गेला ना, हे पाहायला पुन्हा मागितला. पुन्हा हजर. चौदावा मागितला, तोही तयार. म्हणजे पठ्ठ्याने साठाच करून ठेवला होता.

"चल, जेवायला जाऊ," मी गोड आवाजात म्हणालो आणि लॅपटॉप काखेत मारला.

"जेवायला लॅपटॉप कशाला?" फुंकरने डबा उघडत विचारलं.

"असू दे. तू दोन्ही हात टेबलावर ठेव."

"मग जेवू कशाने?"

"दोनच मिनिटं रे."

त्याने ठेवले. त्याच्या बोटांवर नजर रोखून मी विसावा मेसेज मागितला. मिळाला. बोटं जागची हलली नव्हती. निष्कर्ष उघड होता: याला साथीदार आहे.

आता अर्धवट सोडण्यात अर्थ नव्हता. एक ते हजार, प्रत्येक क्रमांक मागून पाहणारा छोटासा प्रोग्रॅम मी तिथेच लिहिला आणि चालवला. हजारच्या हजार सापडले. एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हाताने फुंकरची बाही धरून मी मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो.

"मॅडम, माझ्या पेटीत कोणीतरी नऊशे अठ्ठ्याऐंशी कोरे मेसेज घुसवलेत. कोणी, ते मी बोलणार नाही," असं म्हणून मी फुंकरकडे बोट दाखवलं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुला ते सापडले कसे?"

"मागून पाहिले. एकेक करून."

"अरे शहाण्या, जो मेसेज नसतो तो मागितला, की लायब्ररी कोरा बनवून पेटीत टाकते आणि तोच तुझ्या हातात देते. मीच तसं लिहिलंय. मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही."

"म्हणजे हे सगळे..."

"तूच बनवलेस."

"मग आहे की नाही ते बघायचं कसं?"

"मोजायचं. मागायचं नाही. आणि आता पळ, साहेब लिफ्टमध्ये आहेत."

फुंकर अजून दोन्ही हात पुढे धरून उभा होता. "खाली घेऊ का आता?" त्याने विचारलं.

मी धावत जागेवर आलो आणि तेरापासून हजारपर्यंतचे सगळे पुसले. मोजले. बारा. फुंकरची माफी मागितली. त्याने माझ्या स्क्रीनवर एक फुंकर मारली, शुभेच्छा म्हणूनच असावी. साहेबांचे बूट दारापर्यंत आले होते. सगळं जिथल्या तिथे होतं. तेरावा खरंच गेलाय ना, एवढंच बघायचं राहिलं होतं.

ते मी बघितलं.

साहेबांनी खुर्ची ओढली, पेन उघडलं आणि पेटी मोजली. तेरा.