दुपट्ट्याखालचा लॅपटॉप

आमच्या शेजारच्या मन्सारामकाकांनी गोंदियाच्या दुकानात लॅपटॉपचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "दात पूर्न हायेत."

आधीच सांगून ठेवतो, माणूस वेडा नव्हता. सौंदडच्या आसपासच्या बाजारांत त्यांनी उभी हयात बैलांची दलाली केली होती. बैल म्हटला की आधी जबडा उघडायचा, दात पाहायचे, वय ताडायचं, ही सवय हाताला जडलेली. ती बैलांपुरती राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण काका टेबलफॅन घेतानाही त्याला मागून थाप मारायचे, बिचकतो का पाहायला. माझ्यासाठी मुलगी पाहायला सोबत येतो म्हणाले, तेव्हा मी वाटेतच हात जोडून त्यांना परत पाठवलं होतं.

दुसरं खूळ दुपट्ट्याचं. जुन्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती कितीही गर्दी असो, कुणाला पत्ता लागत नसे. "सौद्याचा आकडा दुपट्ट्याभायेर जात नसते," हे काकांचं ठरलेलं वाक्य. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, दलाली बसली, पण दुपट्टा काही खांद्यावरून उतरला नाही. वांगी घेतानासुद्धा ते भाजीवालीच्या हातावर दुपट्टा टाकायला गेले होते. तिच्या नवऱ्यानं काठी काढली, तेव्हापासून वांगी काकू आणतात.

अशा माणसाला लॅपटॉप कायले पाहिजे, असं सगळ्या मोहल्ल्यानं विचारून घेतलं. कारण होतं गुणवंता.

गुणवंता हा काकांचा एकुलता एक मुलगा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. होळी झाली आणि तो पुण्याला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागला, तेव्हापासून घरी आला नव्हता. फोन असून उपयोग काय? त्याचे मेसेज माझ्या साध्या बटणांच्या मोबाइलवर यायचे आणि मी ते वाचून दाखवायचो, कारण काकांना वाचता येत नाही. काका ऐकून घ्यायचे आणि तोंड पाडून बसायचे. एकदा मी म्हटलं, काका, सरळ विचारून टाकतो ना त्याला, दिवाळीला येतोस का आणि किती दिवस राहतोस. तर म्हातारा माझ्यावरच भडकला.

"मी जनमभर दलाली केली," म्हणाले. "पोटच्या पोट्ट्यासंगं बोलाले दलाल कायले लावू?"

दलाल म्हणजे मी. आणि ज्या दिवशी त्यांना कळलं की गुणवंताच्या खोलीतल्या मित्राकडं कॉम्प्युटर आहे आणि लॅपटॉपमध्ये माणूस समोर बसल्यासारखा दिसतो, त्या दिवसापासून माझा एकही रविवार माझा राहिला नाही. इंग्रजी येते ना तुले, चाल मग.

दुकानदार तरुण होता, हिंदीत बोलायचा आणि आधी बराच हसतमुख होता. त्यानं नवा कोरा लॅपटॉप पुढं केला. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पयल्या मालकानं काऊन इकला?" नवा आहे म्हटल्यावर त्यांनी तो बाजूला सारला. नवा गोऱ्हा शिकवा लागते, आपल्याले चालता पाहिजे. मग जुने लॅपटॉप निघाले. एकाचं बटण कपाळाच्या मधोमध होतं. बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा तपासावा तसं काकांनी ते पाहिलं. हा भवरा वाईट जागी हाय, घरधन्याले खाते, म्हणून तो गेला. दुसऱ्याबद्दल काकांनी विचारलं, बसका तं नाही ना? म्हणजे कामात असताना मधेच बसणारा. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, त्यानं शपथेवर नाही म्हणून सांगितलं. नेमकं तेव्हाच ते यंत्र अडकलं. काही केल्या हलेना.

"बसला," काका शांतपणे म्हणाले.

तिसरा त्यांना पसंत पडला, पण तो चालवून पाहिल्याशिवाय कसा घेणार? चालू लॅपटॉप दोन्ही हातांत धरून काका रस्त्यावर निघाले. पानठेल्यापर्यंत गेले आणि वळले, दुकानदार मागं पळतोय, मी त्याच्या मागं. ओळखीचं कुणी पाहू नये एवढीच माझी इच्छा होती. ओळखीचे तिघं भेटले.

परत येऊन काकांनी कॅमेऱ्यापुढं पंजा धरला आणि विचारलं, करंगळी दिसून राहिली का. दिसत होती, पण जरा धुरकट. झालं, तोही नापास. त्याच्याहून भारी दाखवला, त्यातही करंगळी धुरकट. आता मात्र माझं डोकं फिरलं. काका, चेहरा दिसला म्हणजे झालं ना, करंगळीचं काय लोणचं घालता, असं मी भर दुकानात बोलून गेलो.

काका स्टुलावर बसले. म्हणाले, "चेहरा तं फोटोतबी दिसते, बापू. तो माह्यासंगं बोटानंच बोलते. तेच नाही दिसले तं कसा बोलू?"

मग सगळं सांगितलं. पोराला ऐकू येत नाही हे कळलं, तेव्हा काकांना हातांची एकच भाषा येत होती, बाजाराची. तीच त्यांनी त्याला शिकवली. भाकरी किती खाशील, बाजारातून किती बोरकुटाच्या पुड्या आणू, हे सगळं बापलेक दुपट्ट्याखाली हात घालून ठरवायचे. पोरगा पुढं शाळेत खाणाखुणांची चांगली भाषा शिकला, पण बापाशी बोलताना दुपट्टाच लागायचा. करंगळी म्हणजे अर्धा. अर्धी भाकरी, अर्धा दिवस. मी मुकाट्यानं दुकानदाराला म्हटलं, भैया, करंगळी साफ दिखे ऐसा दिखाओ.

शेवटी एक सापडला. झाकणावरचं स्टिकर निघून कपाळावर पांढरा ठिपका राहिलेला, म्हणून काकांनी त्याचं नाव तिथंच चांद्या ठेवलं. आता भाव. काकांनी दुकानदाराच्या हातावर दुपट्टा टाकला. तो घाबरला, अंगठी काढतात की काय म्हणून मूठ आवळून बसला. बाजारात मूठ आवळली म्हणजे कबूल. काका चांद्याला काखेत मारून निघाले. भांडण व्हायचंच होतं, पण मागं खुर्चीत पेंगत बसलेला दुकानदाराचा बाप खो खो हसत उठला. त्यानं धान्याच्या अडतीवर दिवस काढले होते. तो म्हणाला, "हट बेटा," आणि स्वतःचा हात दुपट्ट्यात घातला. चहा थंड होईपर्यंत दोघं म्हातारे एकमेकांच्या डोळ्यांत पाहत दगडासारखे बसले होते. सौदा पटला. कितीत, ते त्या दोघांनाच माहीत.

घरी सयाकाकू दारात तांब्या घेऊन उभ्या. नव्या बैलाच्या पायांवर पाणी घालतात. माझी बोंब वेळेवर पोचली म्हणून चांद्या वाचला, नुसत्या कुंकवावर भागलं.

रविवारी दुपारी मी नेट जोडून दिलं. पडद्यावर गुणवंता आला. जरा वाळला होता, मिशी ठेवली होती. काका पाहतच राहिले. मग सवयीनं त्यांनी हातावर दुपट्टा टाकला. पोरगा तिकडं पोट धरून हसला, कारण त्याला नुसता दुपट्टा दिसत होता. काकांनी दुपट्टा काढला, उघडी बोटं वर धरली, माझ्याकडं पाहिलं आणि हात पुन्हा खाली घेतला. परक्या माणसासमोर आकडा कसा दाखवणार? मी म्हटलं, तोंड भिंतीकडं करतो. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्यांनी दुपट्टा झटकला आणि वाफारा घ्यायला बसावं तसा स्वतःच्या डोक्यावरून चांद्यासकट ओढून घेतला.

आत बापलेकाचं किती वेळ चाललं देव जाणे. दुपट्ट्यातून पडद्याचा उजेड दिसत होता आणि त्यात काकांची बोटं वर जात होती, मिटत होती, परत वर जात होती. एकदा आतून हसल्याचा आवाज आला.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल. लॅपटॉपचा उजेड लय कडक हाय, म्हणाले. मी विचारलं, येतो का दिवाळीला? येते म्हणाले. किती दिवस? त्यावर माझ्याकडं असं पाहिलं, जणू इतकं शिकून मला काहीच कळत नाही.

मग ते उठून काकूंकडं गेले. काकू ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. उभ्या संसारात काकांनी त्यांना एका सौद्याचाही आकडा सांगितला नव्हता. बोटांची ही भाषा काकूंना आली ती पोरामुळं. काकांनी त्यांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि आपला हात आत घातला.

काकूंनी आतल्या आत बोटं चाचपून मोजली. मग म्हणाल्या, "इतकेच?"

"हा पयला भाव होय," काका म्हणाले. "उद्या चढवतो."