केकचा मफलर

"म्हणे वारा नाही. म्हणे झाडाचं पान हलत नाही. जानेवारीत झाडाला पान असतं कुठे हलायला?"

सोल्वेग नवऱ्याच्या तोंडाला मफलर गुंडाळता गुंडाळता पुटपुटत होती. तोंड बांधलेलं असल्यामुळे ग्रीमूरला उलट उत्तर देता येत नव्हतं. ही संधी ती वाया घालवणाऱ्यांतली नव्हती.

ग्रीमूर म्हणजे थंडीतला स्वयंघोषित पंडित. कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या काठी त्याची हयात गेली होती आणि कॉफी प्यायला आलेल्या कुणालाही तो न विचारता सांगे की, नुसता पारा बघू नका, वारा बघा. अंगाभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो. वारा तो पळवून नेतो, म्हणून पारा तोच असला तरी वाऱ्यात थंडी जास्त चावते. आज पारा उणे बावीस, वारा शून्य. म्हणजे त्याच्या हिशेबाने वसंत ऋतूच!

सरोवराच्या पलीकडच्या काठाला त्याची धाकटी बहीण आस्ता राहायची. आज तिची साठी. तीन वर्षांपूर्वी आईला पुरून आल्यावर कॉफीच्या वेळी आस्ताने आईचा तो सात थरांचा, आलुबुखाराच्या सारणाचा केक मांडला होता, आणि वरून आयसिंग लावलं होतं. आता या केकला आयसिंग लावावं की नाही, यावरून आइसलँडहून येऊन इथे वसलेल्या घरांत ठरलेल्या सोयरिकी मोडता मोडता राहिल्यात. ग्रीमूरने सगळ्या पाहुण्यांदेखत सुरी घेतली आणि आयसिंग खरवडून काढलं. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. आज मात्र सोल्वेगने केलेला केक घेऊन जायचं आणि 'चुकलो' म्हणायचं, असं त्याने ठरवलं होतं. दाढी करताना आरशासमोर तालीमही झाली होती.

गोठलेल्या सरोवरावर स्नोमोबाइल निघाली. सोल्वेगची खिडकी नजरेआड होताच ग्रीमूर थांबला. साठच्या वेगाने जायचं, म्हणजे समोरून साठचा वारा लागणार. बावीसची थंडी चाळीसच्या घरात जाणार. बिचाऱ्या केकचं काय होईल? त्याने तोंडावरचा मफलर सोडला आणि केकच्या डब्याला तान्ह्या बाळासारखा गुंडाळला. तोच वारा आपल्या नाकालाही लागेल, हे काही पंडितांच्या डोक्यात आलं नाही. आज वारा शून्य होता ना!

आस्ताने दार उघडलं तेव्हा त्याचं नाक मेणबत्तीसारखं पांढरं पडलं होतं. 'चुकलो' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ओठ जागचे हलेनात. तिने त्याला आत ओढून बसवलं. तिचा नवरा हेल्गी नाक चोळायला म्हणून ओंजळभर बर्फ घेऊन आला, त्याला तिने बर्फासकट माघारी पाठवलं. मग आपले दोन्ही गरम तळवे भावाच्या नाकागालांवर ठेवून ती उभी राहिली. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला बोलायचं नव्हतं.

हेल्गीचं लक्ष डब्याकडे गेलं. मफलर केकला का, असं त्याने विचारलं. ग्रीमूरने खाणाखुणा करून वेग, वारा, चाळीस, सगळं समजावलं.

"मेव्हणे," हेल्गी शांतपणे म्हणाला, "मफलर ऊब देत नाही, असलेली राखतो. केक कुठून आणणार ऊब? तो बावीसपर्यंत जाणार आणि थांबणार. वाऱ्याने फार तर लवकर पोचेल. ऊब तयार करणारं नाक तुमचं होतं, ते ठेवलंत उघडं."

केकची खरंच वीट झाली होती. सुरी वाकली असती, म्हणून हेल्गीने करवत आणली. आस्ताने केकवरचा कागद उलगडला आणि हेल्गीच्या हातातली करवत तशीच राहिली.

केकवर आयसिंग होतं. जाड, पांढरंशुभ्र, अगदी काठापर्यंत.

चुलीवर किटली फुरफुरत होती. एव्हाना ग्रीमूरचं नाक बिटासारखं लाल होऊन ठणकू लागलं होतं, आणि ओठ ताब्यात आले होते.

"चुकलो," तो म्हणाला. "मला वाटलं, आईला आवडलं नसतं."

हेल्गी एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. आस्ताने करवतीने एक तुकडा काढला, सर्वांत जास्त आयसिंगवाला, आणि भावापुढे ठेवला.

"आई आयसिंग लावायचीच रे," ती म्हणाली. "तुझी गाडी दिसली की घाईघाईने खरवडून स्वतः खाऊन टाकायची."