सूनबाईचा डबा

"फोटो घरीच काढू की," असं मी म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

(दचकणं हा माझा जुना उद्योग. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी सगळं नागपूर रस्त्यावर नाचत होतं. मी फटाक्यांच्या भीतीने पलंगाखाली होते.)

झालं असं, की माझ्या नणंदेला, रुख्मिणीला, अर्जुनीचं स्थळ आलं. तळ्याखालची धानाची शेती, मुलगा मॅट्रिक. मुलाकडच्यांनी आधी फोटो मागितला. फोटोवाला गोंदियाला, आणि तिथे जायला सासूबाईंचा सक्त विरोध.

"काळ्या फडक्यात मुंडकं घालून परका माणूस पोरीकडे पाहून राहिला, हे मले नाही चालत."

रुख्मिणीने मुलाला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिलं होतं. तेव्हापासून अर्जुनीकडच्या गाडीची शिटी झाली, की ती दारात जाऊन उभी राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "कोंबड्या हाकलून राहिली." आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.

माझ्याकडे कॅमेरा होता, म्हणजे बिस्किटांचा डबा होता. कॉलेजात शिकवलेलं, की काळ्या डब्याला सुईचं भोक पाडलं तर भिंगाशिवाय फोटो निघतो. पुस्तकात त्याला सूचीछिद्र कॅमेरा म्हणतात; घरात 'सूनबाईचा डबा'. कंदिलाच्या काजळीने मी तो आतून काळा केला, भोकावर काळ्या कागदाची झडप लावली, आणि धानाच्या अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मचा तुकडा आत चिकटवला. पहिला प्रयोग आमच्या बैलावर. या डब्याचं असं आहे, की झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात जो हलला, तो फोटोत येत नाही. बैल रवंथ करत मान हलवत होता. पाय आले, वशिंड आलं, शेपूटही आलं. डोकं आलं नाही.

"बिनमुंडक्याचा बैल," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याची दृष्ट काढायला गेल्या.

आता फिल्मचा एकच तुकडा उरला होता. केवळराममामा, म्हणजे ह्यांचे मामा आणि या सोयरिकीतले मध्यस्थ, सकाळच्या गाडीने तो गोंदियाला नेणार, फोटोवाल्या मुन्नालालकडून धुऊन घेणार आणि तसेच परस्पर अर्जुनीला जाणार होते. म्हणजे चुकलं तर दुसरी संधी नाही.

पडवीत भिंतीजवळ पाट मांडून रुख्मिणीला बसवलं. समोर उपड्या पायलीवर डबा. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आणि गळ्यात सोन्याच्या गाठी घालून आल्या.

"आई, फोटो फक्त रुख्मिणीचा आहे," मी चाचरत म्हणाले.

"असू दे ना. मी बाजूले राहीन. एकट्या पोरीचा फोटो बरा नाही दिसत."

"मग अजिबात हलायचं नाही हं."

"मी कायले हलतो वो? मी का बैल आहो?"

मी झडप उघडली आणि मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. (वेळ मोजायला मला हाच पाढा बरा वाटतो, तो मला भरभर येत नाही.) एकोणतीस एके एकोणतीस. सासूबाई रुख्मिणीचा पदर सारखा करायला वाकल्या. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सासूबाई दारात कुत्रं आलं म्हणून हाड करून आल्या. मी हातवारे करून त्यांना थांबायला सांगते आहे, तोच माझ्या खांद्यावर आढ्यावरून काहीतरी थंड पडलं.

पाल.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी ओरडले एवढं सगळ्या आळीने ऐकलं. शुद्धीवर आले तेव्हा मी रुख्मिणीच्या मागे, उखळावर चढून भिंतीला चिकटले होते. पाल पायलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. मी पालीकडे बघत होते. दोघीही हललो नाही. सासूबाई केरसुणी घेऊन पडवीभर धावत होत्या.

"वहिनी," रुख्मिणी ओठ न हलवता म्हणाली, "डबा झाका."

तिने पापणीसुद्धा हलवली नव्हती. मला उतरता येईना. शेवटी सासूबाईंनी डब्यावर सूप उपडं घातलं, आणि आमचं छायाचित्रण संपलं.

केवळराममामा चार दिवसांनी आले. तोवर रुख्मिणी जेवली नव्हती आणि मी झोपले नव्हते. मामांनी आधी पाणी मागितलं, मग गूळ.

"पोरगी पसंत," ते म्हणाले. "मुलाची माय म्हणे, फोटोत एवढी शांत पोरगी, संसारात किती शांत राहीन."

रुख्मिणी कोंबड्या हाकलायला दारात गेली.

मामांनी फोटो पुढे केला. रुख्मिणी देवीसारखी लख्ख आली होती. सासूबाईंनी फोटो उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"अन् मी कोठी आहो?"

त्या कुठेच नव्हत्या. ना लुगडं, ना गाठी, ना केरसुणी. मात्र रुख्मिणीच्या मागे, उखळावर, डोळे फाडून आणि तोंड उघडून, केसान् केस मोजता येईल इतकी स्पष्ट, मी होते.

"याच्यावरून थोडी पंचाईत झाली," मामा म्हणाले. "ते लोक विचारून राहिले, घरात कोणाले वेड आहे का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं, रक्तातलं नाही. ते सूनबाई आहे, नागपूरची. कॉलेजात शिकली."

"मग?"

"मग त्यांची खात्री पटली."

लग्न छान झालं. मांडवात मुलाच्या आजीने मला बाजूला घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या दंडाला एक ताईत बांधला. मी तो अजून काढलेला नाही. सासूबाईंच्या मते पुष्कळ फरक आहे.