दसऱ्याला लाल झालेले चौकोन

"हे बघ वर्षाराणी, माझं म्हणणं सरळ हाय. दसऱ्याला समदे संचालक येतेल. त्यांच्यासमोर तुझ्या त्या टीव्हीवर शाखा नीट दिसल्या, तर संगणकाचं काम तुझ्याकडंच. न्हाई दिसल्या, तर पुण्याच्या कंपनीकडं. मग माझ्या नावानं रडायचं न्हाई."

पतसंस्थेचे चेअरमन अमरसिंह साहेब असं म्हणाले, तेव्हा वर्षाराणीची मान जरासुद्धा खाली गेली नाही. ती संस्थेच्या संगणक विभागाची प्रमुख होती. विभागात दुसरं कोणी नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण बीडच्या मुख्य कार्यालयात बसून तलवाडा, सिरसाळा आणि दिंद्रुड अशा तिन्ही शाखांची यंत्रं तिनं एकटीनं सांभाळली होती, आणि ते काम कोणी भलत्यानंच उचलून न्यावं हे तिला सहन होणारं नव्हतं.

पुण्याच्या कंपनीची टूम काढली होती संचालक आसारामअण्णांनी. अण्णांचा भाचा त्या कंपनीत होता. अण्णा ही गोष्ट लपवत नसत, उलट चारचौघांत अभिमानानं सांगत.

वर्षाराणीकडं देखरेखीचं एक सॉफ्टवेअर आधीपासून होतं, पण ते म्हातारं झालं होतं. शाखेतलं यंत्र बंद पडलं की आधी गिऱ्हाईक ओरडायचं, मग मॅनेजर फोन करायचा, आणि सगळं निस्तरून झाल्यावर सॉफ्टवेअरला जाग यायची. आता तिनं त्याची नवी आवृत्ती बसवायची ठरवली. भिंतीवरच्या टीव्हीवर प्रत्येक शाखेचा एक चौकोन. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काहीतरी बिनसतंय, लाल म्हणजे बंद. बास, संचालकांना कळेल इतकं सोपं.

आणि तयारी तर अशी केली, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. जुन्या माहितीची नक्कल काढून ठेवली. नवी आवृत्ती आधी एका रिकाम्या संगणकावर चालवून पाहिली. ऐन वेळी घोटाळा झालाच तर जुन्यावर परत कसं यायचं, तेही ठरवलं. वीज गेली तर काय, इंटरनेट गेलं तर काय, सगळ्याला उत्तर तयार! दिवसही तिनंच सुचवला. दसऱ्याला सुट्टी, काउंटर बंद, त्यामुळं कोणाचं काम अडणार नाही. साहेबांना तर दिवस फारच आवडला. त्यांनी लगेच पंचांग काढून मुहूर्तही पाहिला.

"दसऱ्याला शाखेत येऊन मशीन चालू करा," असं तिनं तिन्ही मॅनेजरांना बजावलं. तिघंही "हो मॅडम" म्हणाले, आणि त्याप्रमाणं सकाळी येऊन तिघांनी मशीन चालू केलंसुद्धा. माणसं शब्दाची पक्की.

नवी आवृत्ती अगदी लोण्यासारखी बसली. टीव्हीवर तीन शाखा आणि मुख्य कार्यालय असे चारही चौकोन हिरवेगार झाले. वर्षाराणी दोन पावलं मागं सरकली आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. आपल्या हातानं केलंय हे, असं तिला मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. हॉलमध्ये शिपाईकाम करणाऱ्या वत्सलाबाईच होत्या, म्हणून मग त्यांनाच म्हणाली.

"लई झ्याक," वत्सलाबाई म्हणाल्या. "आंब्याची पानं मधोमध लावू का कडंनं?"

मुहूर्ताच्या वेळेला संचालक फेटे बांधून हजर झाले. साहेबांनी नारळ फोडला, फीत कापली, आणि भाषणाला तोंड उघडलं. तेवढ्यात तलवाड्याचा चौकोन पिवळा झाला.

वर्षाराणीनं लगेच मोबाईल उचलला. तिनं तलवाड्याच्या मॅनेजर मंगलताईंना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरही चालू केला.

"मंगलताई, तुमच्या मोठ्या मशीनजवळ काय पेटलंय? गरम होतंय ते."

"अगं बया! धूप लावलाय मी. पन तुमाला बीडात बसून कसं कळलं?"

हॉलमध्ये एकदम हशा आणि टाळ्या. "तलवाड्याचा धूप बीडात कळतोय म्हणजे काय खायचं काम हाय का!" साहेब आजूबाजूला बघत म्हणाले. जसं काही सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलं होतं. वर्षाराणीची छाती अशी फुगली की विचारू नका. आसारामअण्णा मात्र फेटा सारखा करत राहिले.

पण मंगलताईंनी धूप कशाला लावला, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. ते कळायला फार वेळ लागला नाही. तलवाडा पिवळ्याचा लाल झाला. मग सिरसाळा लाल. मग दिंद्रुडही लाल!

"हे काय बे?" एक संचालक दुसऱ्याला म्हणाला. "समदंच बसलं की!"

वर्षाराणीनं दिंद्रुडला फोन लावला. तिथले मॅनेजर धोंडीरामकाका संस्थेतले सगळ्यांत जुने.

"काका, मशीन बंद पडलं का?"

"पडलं न्हाई, मी केलं. दसरा न्हाई का आज? यंत्राची पूजा केली."

"बंद कावून केलं पण?"

"घ्या! चालू यंत्राला कुकू लावताव का कुठं? बंद केलं, पुसलं, हळदकुकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मुहूर्त गाठला बगा बरोबर."

साहेबांनी पंचांगातून काढलेला मुहूर्त तो हाच. पंचांग काही बीडचं वेगळं आणि दिंद्रुडचं वेगळं नसतं. वर्षाराणीनं कपाळावर हात मारला. विजेचा विचार केला, इंटरनेटचा केला, आणि लहानपणापासून ज्या दिवशी वडलांनी विळ्याला नि नांगराला हात लावू दिला नाही, तोच दिवस आपण निवडून बसलो!

"काका, पाया पडते, दहा मिनिटं चालू करा. इथं माझं काम जायची वेळ आलीय."

"पोरी, तुजं काम जाऊ नये असं मलाबी वाटतं," धोंडीरामकाकांचा आवाज मऊ झाला. "पन पुजलेलं यंत्र उद्या सकाळपातूर हलवायचं न्हाई. चेअरमन साहेबांनला इचार, त्यांचा ट्रॅक्टर आज चालतो का."

साहेबांचा ट्रॅक्टर हार घालून घरासमोर उभा होता. साहेब खाकरले आणि छताकडं बघू लागले.

आता आसारामअण्णा उठले. हाच मोका होता. पुण्याच्या कंपनीनं नमुना म्हणून तिन्ही शाखांत आपलंही सॉफ्टवेअर बसवून ठेवलं होतं, आणि ते अण्णांच्या मोबाईलवर दिसायचं. अण्णांनी मोबाईल उंच धरून सगळीकडं फिरवला.

"बगा, डोळं उघडून बगा! हिचं समदं लाल. आन् पुण्याचं? तलवाडा हिरवा, सिरसाळा हिरवा, दिंद्रुड हिरवा. एकदम चकाचक! याला म्हणत्यात काम!"

साहेबांनी हळूच विचारलं, "अण्णा, दिंद्रुडचं मशीन आत्ता चालू हाय?"

"हिरवं हाय म्हंजी चालूच की!"

"धोंडीराम," साहेबांनी अजून चालूच असलेल्या फोनकडं तोंड करून विचारलं, "मशीन चालू हाय का?"

"साहेब, तारसुद्धा काढून ठिवलीय. वर नारळ ठिवलाय."

हॉलमध्ये आधी एक जण फिस्सकन् हसला, मग दुसरा, आणि मग फेटे सांभाळत सगळी पंगतच हसायला लागली. अण्णांनी मोबाईल पुसून पाहिला. तरी हिरवंच.

"बसा अण्णा," साहेब म्हणाले. "बंद पडलेलं बंद सांगणारं माणूस लागतं आपल्याला. चांगलं चांगलं सांगणारे आपल्यात ढिगानं हायेत. काम वर्षाराणीकडंच राहील. आपल्या जिल्ह्याची पोरगी हाय, पुण्याला शिकवील एक दिवस!"

टाळ्यांच्या कडकडाटात वर्षाराणीचे डोळे भरून आले. ते कोणी पाहिलं तरी तिची हरकत नव्हती. तेवढ्यात वत्सलाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाल्या.

"ताई, आपलंच राहिलं की पुजायचं."

वर्षाराणीनं मुख्य कार्यालयाचं मशीन स्वतःच्या हातानं बंद केलं. टीव्ही काळा झाला. तिनं मशीनला कुंकू लावलं, हार घातला आणि हात जोडले. तिच्या मागं साहेबांनी आणि सगळ्या संचालकांनी हात जोडले.

हात जोडता यावेत म्हणून आसारामअण्णांनी मोबाईल टेबलावर ठेवला. त्यात तिन्ही शाखा अजून जोरात चालू होत्या.