चूक राहू द्या, मास्तर

खांबेट्यांच्या दारात कुणीही उभं राहिलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. "पावलं सरळ आहेत. या, मास्तर," असं म्हटल्याशिवाय त्यांनी मला कधी आत घेतलं नाही. भुताला बाकी सगळं सोंग साधतं, पण पावलं उलटीच राहतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा मुंबईहून बंगल्याचे मालक अचानक आले, तर यांनी त्यांच्या बुटांची टोकं नीट पाहून घेतली आणि मगच नमस्कार केला. शेठ बिचारे दिवसभर आपल्या बुटांना काय लागलंय ते बघत होते.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो. विष्णुपंत खांबेटे वळवणच्या बाजूला या शेठच्या बंगल्याची देखरेख करत. शेठ वर्षातून महिनाभर हवा खायला येत. उरलेले अकरा महिने बंगल्याला कुलूप, आवारातल्या दोन खोल्यांत खांबेटे आणि खांबेट्यांच्या डोक्यात जखीण. ही जखीण पुण्याच्या एका मासिकात दर महिन्याला येई. खांबेट्यांच्या कादंबऱ्यांची नावं बदलत, नायक बदलत. कधी तो तळेगावचा वकील असे, कधी भाज्याची लेणी बघायला आलेला चित्रकार. जखीण मात्र तीच. लग्न झालेली बाई अकाली मेली, जीव संसारात अडकला, म्हणून ती कुणा एकट्या पुरुषाच्या घरी येते, त्याच्यावर जीव लावते आणि शेवटच्या प्रकरणात धुक्यात निघून जाते. लोणावळ्यात धुक्याला काय तोटा!

लोकांना वाटे, हा माणूस मध्यरात्री कंदील बारीक करून लिहीत असेल. छे! सकाळी दहा वाजता, पोटभर न्याहारी करून, ओसरीवर लख्ख उन्हात बसून लिहीत. "अंधारात कुठलंही भूत खरं वाटतं हो," ते म्हणत. "उन्हात उभं करता आलं तर ते आपलं."

तयारीही मोठी असे. उलट्या पावलांची बाई चालते कशी हे कळावं म्हणून एकदा ते फाटकापासून ओसरीपर्यंत उलटे चालत निघाले. ओसरीपर्यंत पोचले नाहीत, करवंदीच्या जाळीत बसले. बंगल्याचे माळी तुकाआबा भाज्याचे. त्यांनी काटे काढता काढता शास्त्र सांगितलं, "पंत, पावलं उलटी असत्यात, पर ती चालती आपल्यावानी फुडंच. आमच्या आजीनं बगितल्याली हाय. तुमी उगा मागं मागं कशापायी गेलता?" खांबेट्यांनी जाळीत बसल्या बसल्याच ते टिपून घेतलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. जखिणीचा प्रवेश लिहायचा असला की मला दाराआड उभं करून "मी आले" म्हणायला लावत. मी म्हणे. ते मान हलवत. "नाही, मास्तर. तुम्ही हजेरी दिल्यासारखं म्हणता. ती आल्याचं कळवत नाही. ती आलेली असते." चाळिशी ओलांडलेला, मिशा असलेला मी दाराआडून "मी आले" म्हणत असताना एकदा शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला होता. त्यानं शाळेत काय सांगितलं असेल ते मी अजून विचारलेलं नाही.

एकदा मी म्हटलं, "पंत, इतर लेखकांच्या नायिका चांदण्यात बसतात, सतार वाजवतात. तुमची मेली तरी स्वयंपाकघरातून बाहेर निघत नाही."

ते गंभीर झाले. "प्रेम म्हणजे काय, मास्तर? परक्या घरात शिरून मिठाची बरणी कुठे ठेवायची ते आपण ठरवायचं. आणि त्या घरच्या माणसाने ती तिथून हलवायची नाही."

आता या सगळ्यात माझा संबंध कुठे आला? तर त्यांच्या 'ख'मुळे आला. ख काढताना 'र' आणि 'व' यांच्यामध्ये ते एवढी जागा सोडत की मधून बैलगाडी जावी. त्यामुळे त्यांची सही 'रवांबेटे' अशी दिसे आणि जखिणीची 'जरवीण' होई. छापखान्यात ती तशीच जुळली आणि अख्खं प्रकरण जरविणीच्या नावाने छापून आलं. तेव्हा संपादकांनी कळवलं की एकतर अक्षर बदला, नाहीतर भूत बदला. भूत बदलणं अशक्य. म्हणून दर महिन्याचं प्रकरण चांगल्या अक्षरात उतरवून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

उतरवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ध्यानात आणून दिली ती माझ्या बायकोने. प्रत्येक प्रकरणात जखीण स्वयंपाकात काहीतरी ढळढळीत चूक करत असे. मोदकांची उकड गार पाण्यात काढी. भरल्या वांग्यांचे देठ आधी कापून टाकी. बायको हसून हसून लाल व्हायची. "अहो, या बाईला कुणी मारलं नाही. आपल्याच हातचं खाऊन हीच गेली."

मी खांबेट्यांना सांगितलं. त्यांचा आवाज कधी नव्हे तो करडा झाला. "चूक राहू द्या, मास्तर."

"अहो पण वाचक हसतील."

"हसू द्या. चूक राहू द्या."

पुढेही दर महिन्याला तेच. मी बोट ठेवायचं, त्यांनी "चूक राहू द्या" म्हणायचं. मला वाटलं, लेखकाचा अहंकार, दुसरं काय. पण मी मास्तर माणूस. चूक दिसली की हात शिवशिवतो. शेवटी एका महिन्यात माझ्याच्याने राहवेना. जखीण नायकाला खरवस करून घालते, असं ते प्रकरण होतं, आणि खरवसासाठी ती दुधाला विरजण लावत होती! मी विरजण खोडलं, गाईचा पहिला चीक घातला, वेलदोडा-गूळ घालून वाफेवर ठेवला, आणि प्रकरण न सांगता पुण्याला धाडून दिलं. खरवस फार सुरेख झाला होता.

मासिक छापून आलं. मी शाबासकीच्या अपेक्षेने गेलो. खांबेटे ओसरीवर मासिक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्या पावलांकडेसुद्धा पाहिलं नाही.

"खरवस कुणी दुरुस्त केला?"

"मी."

ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठून आत गेले आणि लाकडाची एक पेटी घेऊन आले. पेटीत पोस्टकार्डं होती, नीट महिन्यांच्या क्रमाने लावलेली. त्यांनी सगळ्यात तळातलं माझ्या हातात दिलं.

"रा. लेरवक यांस. जरवीण कढी रटरट उकळू देते असे लिहिले आहे. कढी उकळू देत नाहीत. फाटते. एवढे तरी लक्षात ठेवावे. — एक रवरी वाचक."

दुसरं कार्ड वांग्याच्या देठांबद्दल. तिसरं उकडीबद्दल. खाली सही तीच, 'एक रवरी वाचक'. शिक्का इंदुरीचा.

मी कार्डं जवळ धरून पाहिली. "पंत, हे तर तुमचंच अक्षर आहे!"

"माझं नाही," खांबेटे म्हणाले. "मी शिकवलेलं."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत याच ओसरीवर बसून त्यांनी बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. तिच्या शिक्षणाने हुरूप येऊन पहिली कादंबरी लिहिली आणि त्या आनंदात जखिणीला बायकोचं रूप देऊन टाकलं. हनुवटीवरचा तीळ, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणं, सगळं. गावात पुस्तक फिरलं. पाणवठ्यावरच्या बायका हनुवटीकडे बघून "काय जखीणबाई!" म्हणायला लागल्या. कुणाचं पोर आजारी पडलं तर तिची सावली नको म्हणाले. वहिनी दिवाळीला माहेरी, इंदुरीला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. खांबेटे आणायला गेले तेव्हा त्या दाराआडून एवढंच म्हणाल्या, "घरात एकतर ती राहील, नाहीतर मी."

"मग सोडायची होती तिला!" मी म्हटलं.

"सोडून पाहिली, मास्तर. चार महिने एक अक्षर लिहिलं नाही. घरात बोलायलाच कुणी राहिलं नाही." ते कार्डं पुन्हा लावू लागले. "मग पुन्हा लिहायला बसलो. मी रोज जशी कढी करत होतो तशीच जखिणीला करायला लावली. मला कुठे माहीत, उकळू द्यायची नसते! प्रकरण छापून आलं आणि आठ दिवसांत हे पहिलं कार्ड आलं. तेव्हापासून मी दर महिन्याला एक चूक घालतो आणि ती दर महिन्याला मला रागावते. नऊ वर्षं झाली. मी ओळखलंय असं कधी दाखवलं नाही. दाखवलं तर तेही बंद करील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचा संसार मी खरवसाच्या एका वाटीत बुडवला होता.

"आता तिला वाटणार," खांबेटे म्हणाले, "की यांचं माझ्यावाचून काही अडत नाही."

आठवा दिवस गेला, दहावा गेला. मी शाळा सुटली की बंगल्यावर जाऊन बसायचो. पोस्टमन फाटकावरून पुढे निघून जायचा आणि खांबेटे "आज डाक उशिरा आली असेल" म्हणायचे, पोस्टमन समोरून जाताना दिसत असूनही. लिहिणं बंद पडलं होतं. मी म्हटलं, इंदुरीला जाऊन मी वहिनींचे पाय धरतो आणि खरवस माझा होता हे सांगतो. तर म्हणाले, "तिला लोकांमध्ये आणखी शोभा नको."

बाराव्या दिवशी कार्ड आलं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

"रा. लेरवक यांस. या रवेपेस चूक सापडली नाही. दोनदा वाचले. प्रकृती बरी आहे ना? की घरात सांगणारे कोणी आले आहे? — एक रवरी वाचक."

मी आनंदाने ओरडलोच. खांबेट्यांचा चेहरा मात्र कावराबावरा झाला होता. मेलेल्या बाईच्या तोंडी पानंच्या पानं घालणारा माणूस, त्याला जित्या बाईला द्यायला दोन ओळींचं उत्तर सुचेना. "प्रकृती बरी नाही असं लिहू का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "नको. खोटं ती ओळखते." शेवटी पुढच्या प्रकरणात एकदम तीन चुका घालायच्या, असं ठरवून ते लिहायला बसले.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळचे दहा. ऊन ओसरीवर आलेलं, चुलीवर कढी, खांबेटे मान खाली घालून लिहिताहेत आणि मी शेजारी बसून चुका मोजतोय. फाटकाशी टांगा थांबला. खांबेट्यांनी मान वर केली नाही, पण ओसरीच्या पायरीशी कुणी उभं राहिलं तसं सवयीने पावलांकडे पाहिलं आणि त्यांची नजर तिथेच थांबली. जोडवी घातलेली, धुळीने भरलेली दोन पावलं होती. मी वर पाहिलं. हनुवटीवर तीळ होता.

खांबेट्यांची नजर काही वर जाईना. लेखणीतून शाईचा एक थेंब कागदावर पडला.

"पावलं सरळ आहेत," ते कसंबसं म्हणाले.

"सरळच होती," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं होतं. "तुम्ही उलटी लिहिलीत."

आत कढी उतू गेल्याचा आवाज झाला. वहिनी बोचकं ओसरीवर टाकून तशाच आत गेल्या. मी चपला शोधायला लागलो. भलत्या वेळी कुणाच्या घरात बसू नये एवढं मास्तरालाही कळतं. फाटकापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला.

"मीठ कुठं हलवलंत?"

"हलवलं नाही," खांबेटे म्हणाले.