अर्धा किलो हळद आन् बारा बाकं

गड्यांनो, आधी एक कबूल करा. अख्ख्या न्हावऱ्यात गाड्यांमधलं माझ्याइतकं कुणाला कळत न्हाई. कबूल? मग मधी हसायचं न्हाई! पुढं ऐका.

दौंडची एंजल तुम्हाला म्हायती हाय. म्हायती नसंल तर बरंच हाय, लांबच ऱ्हावा! तर नाताळानंतर आई तिच्या घरी माझं स्थळ घिऊन गेली. एंजलचे वडील म्हंजी स्टीफनमामा. तीस वर्षं रेल्वेत मालगाडीचे डबे तपासले. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण खिशातला खडू काय सुटला न्हाई. घरच्या फ्रीजवरबी पुढच्या तपासणीची तारीख खडूनं लिहिलेली, आईनं सवताच्या डोळ्यांनी बघितली!

मामांनी इचारलं, "मुलगा काय करतो?"

आई म्हणली, "जॉयचं ट्रान्सपोर्ट हाय."

ट्रान्सपोर्ट! म्हंजी माझी एक पिकअप. दोन हजार चारची, दानिएलकाकांनी दिलेली. दार उघडायला लाथ लागती, काच खाली घ्यायला पाना लागतो आन् हॉर्न सोडून सगळं वाजतं.

"असं का," मामा म्हणले. "आमच्या चर्चची बारा बाकं तुमच्या न्हावऱ्याच्या सुताराकडं तयार आहेत. येत्या रविवारी समर्पण आहे. नऊ म्हणजे नऊला उपासना. जॉयनं नऊच्या आत बाकं पोचवावीत. मग पुढचं बोलू."

कळलं का? ती बाकं न्हवती गड्यांनो, ते माझं लगीन होतं! सागवानी, दहा फुटी!

आता दहा फुटी बाक पिकअपच्या हौद्यात काय मावत न्हाई. एखाद्या अडाण्यानं सरळ टेम्पो केला असता. पण मग ट्रान्सपोर्ट कुणाचं झालं? टेम्पोवाल्याचं! एंजल काय त्याला द्यायची? मी ठरवलं, शेजारच्या बापूसाहेबांची दोनचाकी ट्रॉली आणायची आन् पिकअपच्या मागं लावायची.

बापूसाहेब गोठ्यापुढं दात कोरत बसले होते. म्हणले, "ट्रॉली ट्रॅक्टरला लावत्यात, जॉय. पत्र्याच्या पेटीला न्हाई."

"बापूसाहेब, परदेशात सगळी पिकअपलाच लावत्यात. हे बघा मोबाईलवर."

मोबाईलात एक टोपीवाला गोरा घोड्यांची ट्रॉली वढत होता. बापूसाहेबांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. म्हणले, "ह्याची गाडी नवी दिसती."

"जुनीबी चालती. आधी तयारी करावी लागती."

"मग कर. पण ट्रॉलीला काय झालं तर तुला जुंपीन!"

झालं! शनिवारी सकाळी तयारी सुरू. टोपीवाल्यानं सांगितल्याप्रमाणं पहिलं काम हूक. आपला रविराज वेल्डिंगवाला. कुठलीबी वस्तू कुठल्याबी वस्तूला चिकटवतो. त्यानं माझ्या पिकअपच्या मागं असा हूक बसवला, असा बसवला, की गाडीपेक्षा हूक महाग वाटायला लागला.

"हत्ती लटकव!" रविराज म्हणला.

"हत्तीचं ऱ्हाऊ दे. वाटंत पिन निसटली तर? माझं लगीन इनामगावच्या चढावर मागं घरंगळत जाईल!"

"मग पिनबी वेल्ड करू का?"

"कर!" मी म्हणलो. मी म्हणलो, बरं का. दुसरं कुणी न्हाई.

रविराजनं पिन वेल्ड केली. ट्रॉली आन् पिकअप आता नवरा-बायकोसारखी. मरणानंच सुटायची.

दुसरं काम, रेडिएटर. तो चार महिन्यांपासून ठिबकत होता. रविराज म्हणला, "मेस्त्रीला दाखव." कशाला? रेडिएटर गळायला लागला की चिमूटभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसती, हे आपल्याकडं शेंबडं पोरबी सांगतं. मी इचार केला, चिमटीनं एक भोक बुजतं, तर अर्ध्या किलोनं पुढं पडणारी भोकंबी बुजतील! आईची वर्षाची हळद आणली आन् सगळी आत. पाच मिनिटांत ठिबकायचं थांबलं. एक थेंब न्हाई! मी रविराजकडं असं बघितलं, जसं नवा सरपंच जुन्याकडं बघतो.

ब्रेक? ब्रेकचं टोपीवाला लई येळ सांगत होता, म्हणून मी तेवढा भाग पुढं ढकलला.

तिसरं काम, सुताराकडनं आणलेली बाकं भरायची. हितं बापूसाहेब सवता उठून आले. "माल पुढं घ्या, पुढं! माल मागं गेला की गाडी उलाळ व्हती, पुढनं वर उचलती. बैलाच्या गळ्याला फास बसतो!"

"बापूसाहेब, हिला बैल न्हाई."

"मग गळा तरी कुणाचा हाय? तुझाच ना?"

म्हणून बाराच्या बारा बाकं रेटून पुढं, हुकाच्या बाजूला. शेवटचं बाक ठिवलं आन् पिकअपनं मागून बैठक मारली! पुढचं तोंड वर. हेडलाईट थेट आभाळात. पुढची चाकं जमिनीला टेकत होती, पण निस्ती वळखीपुरती.

"उलाळ न्हाई झाली," बापूसाहेब समाधानानं म्हणले.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही बापूसाहेबांच्या अंगणात. मी पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. चौघांनी ढकलल्यावर पिकअप सुरू झाली. बॅटरीचं असं हाय, एकदा सुरू झाली की दौंडपर्यंत बंद करायची न्हाई. बंद केली की संपली. मी गिअर टाकणार, तेवढ्यात शिरूरवरनं पाळकसाहेब मोटारसायकलवर आले.

"जॉय, देवाच्या घराचं सामान आहे. प्रार्थनेशिवाय निघायचं नाही. बोनेट उघडा. इंजिनासाठी करू."

आता पाळकसाहेबांना न्हाई कोण म्हणणार? बोनेट उघडलं. इंजिन सुरूच. सगळ्यांनी डोळं मिटलं. बापूसाहेबांनी टोपी काढली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली ती जग निर्माण झालं तिथून. नोहाच्या तारवापाशी यायला सात मिनिटं लागली. तारवाला ट्रॉली न्हवती, त्यामुळं तिथं लवकर उरकलं. मग चारी टायरांसाठी एकेक करून. मग स्टेपनीसाठी. स्टेपनी न्हाईच हे मला म्हायती, देवाला म्हायती, पाळकसाहेबांना न्हाई. मग दौंडपर्यंतच्या खड्ड्यांसाठी, आन् ते बुजवायचं ज्यांच्या मनात येत न्हाई त्यांच्यासाठी.

मी एक डोळा उघडून आत बघितलं. टेम्परेचरचा काटा लाल रेघंवर! हळदीनं भोकं बुजवली होती, फकस्त गळायची न्हाई, पाणी फिरायचीबी! आत नुसतं पिठलं शिजत होतं. मी आईला कोपरानं ढोसलं.

आई पुटपुटली, "डोळं मीट, सैताना!"

"आई, काटा..."

"प्रार्थनेत काटा बघतो?"

"...आणि ह्या वाहनातून तुझं सामर्थ्य प्रगट होऊ दे. आमेन!"

आमेन म्हणायला आन् झाकण उडायला एकच गाठ पडली! फाऽट्! पिवळंधम्मक कारंजं लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेलं आन् तिथनं पावसावानी सगळ्यांच्या अंगावर. खाली येस्तवर कोमट झालं, तेवढी देवाची कृपा! पाळकसाहेब पिवळे. आई पिवळी. माझा शर्ट तर जेजुरीवरनं आल्यागत! आन् बापूसाहेबांनी डोळं उघडलं, सवताकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आन् सवयीनं आरोळी ठोकली,

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. सावकाश. लई सावकाश.

पिकअप मेली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती आन् माझं लगीन पिकअपला वेल्ड करून उभं!

"ट्रॉली सोड, माझ्या ट्रॅक्टरला लाव," बापूसाहेब म्हणले.

"सुटत न्हाई. पिन वेल्ड केलीय."

"कुणी?"

रविराज माझ्याकडं बघायला लागला. मी रविराजकडं.

"मग काप की मशिननं!"

"लाईट कुठाय?" रविराज म्हणला. "आजपासनं आठवडाभर थ्री-फेज रात्रीची हाय!"

बाकं उतरवून परत भरायला दुसरी ट्रॉली पायजे, ती कारखान्याच्या रांगेत ऊस घिऊन उभी. मी मटकन खाली बसलो. एंजल डोळ्यापुढनं टेम्पोत बसून चालली होती.

बापूसाहेबांनी धोतराला पिवळे हात पुसले. "ऊठ. उसाला आम्ही एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या लावतो. तुझी पिकअप पहिली ट्रॉली समज."

तर गड्यांनो, पुढं बापूसाहेबांचा ट्रॅक्टर, त्याला साखळीनं माझी पिकअप, आन् पिकअपला बाकांची ट्रॉली. मी स्टिअरिंगवर! काय झोकात! स्टिअरिंग इकडं फिरवा न्हाईतर तिकडं, पुढची चाकं आपल्या मनानं चालली होती. ब्रेकवर दोन्ही पाय. टोपीवाल्याचं ब्रेकबद्दलचं सगळं म्हणणं मला इनामगावच्या उतारावर एका दमात पटलं! ट्रॅक्टरवर उसाच्या सीझनचे चार स्पीकर, ते चावी फिरली की वाजणारच, बंद करायचं बटण बापूसाहेबांनी कवाच काढून टाकलेलं. गाणं कसलं होतं ते तुम्हाला सांगतो, आईपुढं न्हाई.

नऊला पाच कमी असताना दौंडच्या चर्चच्या आवारात आमची वरात शिरली. पोरं-बाया सगळी बाहेर. एंजल पायरीवर. तिनं तोंडावर रुमाल धरला, म्हंजी तिला आनंद झाला असणार.

स्टीफनमामा आले. घड्याळ बघितलं. ट्रॅक्टरपासनं शेवटपर्यंत चालत गेले, वाकून साखळी बघितली, हूक बघितला, परत आले.

"हे इंजिन कुणाचं?"

"बापूसाहेबांचं."

"शेवटची वॅगन?"

"तीबी बापूसाहेबांची."

"मग मधली?"

"माझी, मामा."

मामा माझ्याकडं पायापासनं डोक्यापर्यंत बघत ऱ्हायले. "सोयरीक ठरायच्या आधीच हळद लावून आलास?"

सगळं चर्च हसलं! बापूसाहेब ट्रॅक्टरवरनं सगळ्यात मोठ्यानं!

मी म्हणलो, "मामा, नऊच्या आत पोचली की न्हाई?"

"पोचली. कपलिंग तर फर्स्टक्लास आहे." त्यांनी हूक थोपटला. मग खिशातनं खडू काढला आन् पिकअपच्या दारावर हातभर अक्षरात लिहिलं, 'सिक'. रेल्वेत बिघडलेल्या डब्यावर असं लिहून तो बाजूच्या रुळावर ढकलत्यात. दुरुस्त होऊन फिट झाल्याशिवाय तो पुढं जात न्हाई. एवढं दौंडला जन्माला आलेल्या कुत्र्यालाबी म्हायती हाय.

"वळ जरा," मामा मला म्हणले.

मी वळलो. मामा पाठीवर हात फिरवायला लागले. बराच येळ. मला वाटलं, हळद झटकत्यात! माया बघा माणसाची! मला भरून आलं. मी तसाच आत गेलो आन् नव्या बाकावर, पहिल्या रांगंत, ताठ बसलो. पूर्ण उपासनाभर मागं खुसुखुसू चाललं होतं. मी म्हणलो, बाकं आवडली लोकांना.

घरी येऊन शर्ट काढला तवा आईनं तो उजेडात धरला. पिवळ्या पाठीवर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं, 'सिक'. आन् त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'पुढची तपासणी, ईस्टरनंतर'.

आई शर्ट भिजवायला निघाली होती. मी हिसकावून घेतला. ईस्टरपर्यंत धुवायचा न्हाई म्हणलं. तारखेचा कागदोपत्री पुरावा दुसरा काय हाय माझ्याकडं?