शत्रूचा नायनाट, लग्नप्रीत्यर्थ

शौर्य डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते कशावर तरी कोरून ठेवावं लागतं, आणि कोरलेलं झिजू नये म्हणून काचेच्या कपाटात बंद करावं लागतं. हे सत्य सांगलीत सर्वप्रथम विष्णुपंत वकिलांना उमगलं, १९४६ साली. (त्याआधी युद्ध चालू असल्यामुळे शौर्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.)

युद्धात पंतांचा वाटा लहान नव्हता. दिवाणखान्यातल्या नकाशावर टाचण्या टोचून त्यांनी उत्तर आफ्रिका दोनदा जिंकली होती. आता जवानांनी आघाडीवर खिशात बाळगलेले, वर काहीबाही कोरलेले सिगारेटचे लायटर त्यांनी जमवायला घेतले. स्वतः पंत सुपारीच्या खांडालाही शिवत नसत. पण वाघाचं कातडं भिंतीला लावणारा माणूस कुठे वाघ खातो?

माल पुरवायचं काम गुंडाकडे. हा म्हसवडच्या बाजारात शेळ्यांची दलाली करी. "पंत, ह्यो बघा. लय लढलेला लायटर हाय," असं म्हणून तो नग टेबलावर ठेवी आणि शेळीचे दात दाखवावेत तसं झाकण उघडून दाखवी. मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला. माण तालुक्यातून जितके जवान लढाईला गेले, त्याच्या सव्वापट लायटर परत आले. काही जवान दोन्ही हातांनी लढले असावेत, असा निष्कर्ष पंतांनी काढला.

मजकूर सगळा वळणदार, ओळी सरळ, कडेने वेलबुट्टी. डोक्यावर बॉम्ब पडत असताना हात इतका स्थिर ठेवणाऱ्या माणसांबद्दल पंतांना भरून येई. सर्वांत उत्कृष्ट नगावर कोरलं होतं: 'शत्रूचा नायनाट करीन. लग्नप्रीत्यर्थ सप्रेम भेट.'

पंतांच्या पत्नी शरयूताईंनी तो पाहिला आणि भाचीच्या लग्नात द्यायला आणलेला तांब्या शेजारी आणून ठेवला. अक्षर हुबेहूब तेच.

"अहो, हा भांड्यांच्या पेठेतल्या नावं घालणाऱ्याचा हात. 'सप्रेम भेट' कोरल्याशिवाय त्याला छिन्नी खाली ठेवताच येत नाही."

"तुला कळायचं नाही," पंत म्हणाले. "इथे वीराचं मृत्यूशी लग्न लागलंय."

शरयूताईंनी तांब्या उचलला आणि नवरदेवाच्या वतीने एक सुस्कारा सोडून त्या आत गेल्या.

अशात पेठेतल्या वाचनालयाने या संग्रहासाठी काचेचं कपाट द्यायचं ठरवलं, वर पंतांच्या नावाची पितळी पाटी. पंतांच्या जन्माचं सार्थक त्या पाटीवर टांगलेलं होतं. (शेजारच्या कपाटात दुसऱ्या एका वकिलाचे समुद्री शंख होते. त्यांना जागा अपुरी पडत होती.) अध्यक्ष तात्या, निवृत्त मामलेदार, यांनी अट एकच घातली: संग्रहाच्या प्रदर्शनाच्या दिवशी एका तरी जवानाने सभेत समक्ष उभं राहून आपला लायटर ओळखावा.

अट ऐकताच गुंडाचे सगळे जवान एकाएकी परगावी गेले. प्रदर्शन तोंडावर आलं. आता कपाट हातचं जाणार आणि त्यात शंख पसरणार! पंतांनी म्हसवडची सर्व्हिस मोटार धरली.

तिथे एका वस्तीवर लालासाहेब हवालदार सापडला, इटलीहून परतलेला. लायटर त्याच्या बायकोच्या, बनुबाईच्या हातात होता. ती त्याने चूल पेटवत होती. पंतांनी तो धोतराला पुसून उजेडात धरला. खिळ्याने ओरबाडलेली वेडीवाकडी अक्षरं: 'बनू म्हस इकू नगं.'

"हे काय?"

"माझंच अक्षर," लालासाहेब म्हणाला. "डोंगराच्या अंगाला पडून हुतो, वरनं गोळं. कागूद न्हाई, कारकून न्हाई. मानूस मेला की सामान घरी धाडत्यात. म्हनलं, ह्येच्यासंगं एवढं तरी पोचंल. पोरांस्नी दूध ऱ्हाईल."

"आन मी तवर इकली बी हुती," बनुबाई म्हणाली. "जित्ता आला त्ये बरं. मेल्यावर त्यो लायटर आला असता, तर जल्मभर कुनाशी भांडले असते?"

"मायभूमीबद्दल काही?" पंतांनी आशेने विचारलं.

"मागल्या अंगाला जागा हाय की. पर तवा सुचलं न्हाई बगा."

हे घासून नवं कोरून घेऊ, असं पंतांनी सुचवलं. लालासाहेबाने लायटर परत घेतला. "घासायचं न्हाई. हाय असा आनतो."

"आवं, मीबी येते," बनुबाई नवऱ्याला म्हणाली. "सांगलीचा गनपती बघायचाय."

प्रदर्शनाच्या दिवशी तात्यांनी एकेक मजकूर खड्या आवाजात वाचला. 'लग्नप्रीत्यर्थ' ऐकून पुढच्या रांगेने रुमाल काढले. मग लालासाहेब उभा राहिला. त्याने लायटर ओळखला, वाचून दाखवला. म्हस आली तशी सभा खो खो हसली.

"हवालदार, कोरताना मनात भाव कोणता होता?" तात्यांनी विचारलं.

"भ्या. लय भ्यालो हुतो."

शूराचा विनय म्हणून टाळ्या पडल्या. पंतांनी घाम पुसला.

वाचनालयाच्या समितीने तिथल्या तिथे ठराव केला. जवानाने समक्ष येऊन लायटर ओळखला, सबब संपूर्ण संग्रह अस्सल ठरून कपाट मंजूर. सदर लायटरावर मात्र शौर्याचा उल्लेख नसून दुभत्या जनावराचा आहे, सबब तो घरगुती वापराची वस्तू म्हणून परत करण्यात यावा.

"द्या हिकडं," बनुबाई म्हणाली आणि लायटर कनवटीला लावून गणपतीकडे चालू लागली.

पंतांची पाटी त्याच दिवशी लागली. शंखवाले वकील जड आवाजात अभिनंदन करून गेले. कपाटापुढे आजही लोक डोळे पुसतात. गावोगावहून नवे लायटर येऊ लागल्यामुळे अस्सल-नकली पारखण्यासाठी समितीत आणखी सभासद घ्यायचं ठरलं आहे. त्यासाठी अर्ज करण्याची गरज नाही. वरील वृत्तान्त वाचताना जे म्हशीपाशी हसले, त्या सर्वांची निवड झालेली आहे.